कोहमाऱ्याची चौफुली

गोंदियाहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. गोरेगाव मागे पडलं, मुरदोलीचं जंगल लागलं आणि ड्रायव्हरने न सांगता वेग कमी केला. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांना जोडणारा हा पट्टा. रात्री इथून वाघ रस्ता ओलांडतात. जंगल सरलं की एकदम धानाच्या बांध्या. रोवणीचे दिवस होते. बाया चिखलात वाकून पऱ्हे लावत होत्या आणि त्यांच्या पाठीवर ओढून घेतलेल्या मेणकापडाच्या खोळा ओल्या आभाळाखाली चमकत होत्या.

कोहमारा म्हणजे सडक अर्जुनी तालुक्यातली चौफुली. नागपूर–रायपूर महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, इथून पूर्व-पश्चिम जातो. उत्तरेचा रस्ता गोंदियाला आणि पुढे बालाघाटला, दक्षिणेचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, वडसा करत गडचिरोली-चंद्रपूरकडे. इथे कुणी मुद्दाम येत नाही, गाडी बदलायला उतरतात. मी मात्र मुद्दाम आलो होतो. मध्य भारतातल्या ख्रिस्ती संन्यासाबद्दल गेली काही वर्षं वाचत होतो आणि नकाशा उघडला की बोट पुन्हा पुन्हा या चौफुलीच्या आसपास थांबायचं. ज्या वाटा पुस्तकात वाचल्या त्या इथून चार दिशांना फुटतात. एकदा तिथे उभं राहून बघायचं होतं.

हॉटेलात आलुबोंडा आणि चहा सांगितला. बाकावर आधीपासून दोघं बसलेली. एक लामा, मरून वस्त्रातला, चाळिशीचा. त्याच्या पलीकडे फिकट बदामी साडीतली एक सिस्टर, गळ्यात छोटा क्रूस, पायाशी औषधांचं खोकं. हॉटेलवाल्याला हळूच विचारलं. लामांबद्दल त्याने तत्काळ सांगितलं: "नॉरग्येलिंगचे हायेत जी. गोठनगावले तिबेटी कॅम्प नाही का, तिथचे." ती वसाहत १९७२ साली वसली, तिथे मठ आहे, हिवाळ्यात तिथली माणसं स्वेटर विकायला बाहेर पडतात, सगळं त्याला ठाऊक. आणि सिस्टर? "त्या मिशनच्या."

कोणत्या मिशनच्या, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. असा प्रश्न असू शकतो हेच त्याला नवं होतं.

मला माझी आजी आठवली. तिने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. दारात साधू आला की ती आधी विचारायची, कोणत्या आम्नायाचे? कवीश्वर की उपाध्ये? उत्तरावरून तिला त्यांचे गुरू कोण, मठ कुठला, हे सगळं उमगायचं. अटन करणारा भिक्षू वेगळा, मठात स्थिरावलेला महंत वेगळा, घरसंसारातला वासनिक वेगळा. हा भेद तिच्यासाठी मिठा-पिठासारखा रोजचा होता. चक्रधरांच्या शिष्यांपैकी निळभट्ट हे भंडाऱ्याचे, म्हणजे या भागातलेच. आपल्या पंथांबद्दल इतकं बारीक जाणणारे आपण ख्रिस्ती संन्याशांना मात्र एकाच पोत्यात भरतो आणि पोत्यावर 'मिशनरी' लिहितो. त्याने त्यांचा काही तोटा होत नाही. आपल्याच इतिहासातली माणसं आपल्याला ओळखू येत नाहीत, तोटा हा आहे.

एक उदाहरण त्या चहाच्या कपापाशीच होतं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे चहा आला, त्यावरून ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. ही गोष्ट शाळेपासून माहीत. पण चहा देणारे कोण होते? पंचहौद ही काउली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँग्लिकन संन्याशांची जागा होती. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १८६६ साली रिचर्ड बेन्सन यांनी हा संघ काढला. आठव्या हेन्रीने इंग्लंडातले मठ १५३६ ते १५४० या काळात मोडून काढले होते. त्यानंतर अँग्लिकन पुरुषांचा टिकलेला हा पहिला व्रतस्थ संघ. त्यांच्यासोबत पुण्यात काम करणाऱ्या भगिनी वाँटेजच्या सेंट मेरीच्या संघातल्या. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींकडे, आणि १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा वाँटेजलाच झाला. रमाबाईंवर ज्यांचा प्रभाव पडला ते फादर नेहेम्या गोरे, मूळचे काशीत वाढलेले चित्पावन नीलकंठशास्त्री, काउलीच्या संघात उमेदवार म्हणून राहून आले होते. अंतिम व्रत त्यांनी घेतलं नाही. षड्दर्शनांचं खंडन करणारा हा शास्त्री इंग्रजांच्या मठात पहाटेच्या प्रार्थनेला बसतो, ही कल्पनाच मला हलवून टाकते. पण आपल्या लेखी तो मिशनचा चहा, बस्स.

दक्षिणेकडची गाडी अजून आली नव्हती. मी सिस्टरना सरळच विचारलं, "तुमचा संघ कोणता?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग संघाचं पूर्ण नाव सांगितलं, संस्थापिका कोण, मातृगृह कुठे तेही सांगितलं. "महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली," त्या हिंदी-मराठी मिसळून म्हणाल्या, "हे विचारणारे तुम्ही पहिले." त्या जशपूरकडच्या, उरांव घरातल्या. छोटा नागपूर आणि जशपूरच्या उरांव पाड्यांत बेल्जियन जेझुइटांनी काम केलं. यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. पण त्या स्वतः जेझुइटांच्या कुणी नाहीत, आणि हे त्यांनी दोनदा स्पष्ट केलं. नर्सिंग शिकलेल्या. खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात असतात. पहाटे साडेचारला उठणं, तासभर मौन, मग स्तोत्रं, फादर आले तर मिस्सा, नाहीतर नुसती प्रार्थना, आणि आठ वाजता दवाखान्याचं दार.

"व्रतं तीन," त्यांनी बोटांवर मोजली. "दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन."

"सगळ्यात कठीण?"

"तिसरं." क्षणाचाही विलंब नव्हता. "लोकांना वाटतं दुसरं. माझा पगार घराच्या खात्यात जातो, या एसटीचं तिकीटसुद्धा मदरकडून मागून आणलंय, त्याचं काही वाटत नाही. पण एका गावात नऊ वर्षं काढली. तिथल्या मुली माझ्या हातांत जन्मल्या. चिठ्ठी आली, आठ दिवसांत निघा."

बस आली. लामांनी औषधांचं खोकं उचलून आत दिलं. दोघांची ओळख जुनी असावी; कुणाच्या तरी आईच्या साखरेबद्दल बोलणं झालं. मी सिस्टरच्या मागच्या बाकावर बसलो.

त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला अधिक स्पष्ट झाली. पोप, बिशप, फादर ही एक रांग आणि व्रतस्थांचे संघ ही दुसरी, या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या पण वेगळ्या आहेत. फादर म्हटलं की संन्यासी असं नाही. आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मप्रांताचे धर्मगुरू होते, कुठल्या संन्यासी संघाचे नव्हते. उलट या सिस्टर व्रतस्थ आहेत, पण मिस्सा त्यांना करता येत नाही. आणि व्रतस्थांतही किती तऱ्हा! सहाव्या शतकात बेनेडिक्टने नियम घालून दिला, त्यात ज्या मठात शिरलात तिथेच मरायचं असं व्रत आहे. सातशे वर्षांनी असिसीच्या फ्रान्सिसने भिंतीच सोडल्या, भिक्षा मागत रस्त्यावर आला. १५४० साली मान्यता मिळालेल्या जेझुइटांनी एकत्र स्तोत्रं म्हणण्याचं बंधनही ठेवलं नाही; हाक आली की निघायचं. कार्मेलच्या मठवासी भगिनी जाळीमागे राहतात, बाहेर पडत नाहीत. आणि दवाखाने-शाळा चालवणाऱ्या सिस्टर, ज्या आपल्याला सगळीकडे दिसतात, ही मुख्यतः सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली घडण आहे. आजी असती तर म्हणाली असती, हे अटनवाले आणि ते मठवाले. तिला एका दमात समजलं असतं.

खिडकीतून मागे बघितलं तर महामार्गावरून ट्रक नागपूरकडे चालले होते. त्या दिशेला, नागपुरात, फ्रान्समधल्या आनसीचे सेंट फ्रान्सिस द सेल्सचे मिशनरी आले. १८७० सालची त्यांची शाळा अजून आहे, १८८७ साली तिथे धर्मप्रांत झाला. त्यांच्याही आधी, १८४५ साली स्कॉटिश प्रेस्बिटेरियन स्टीफन हिस्लॉप आले होते. त्यांच्या पंथात संन्यास नाहीच. आमची बस ज्या दक्षिणेला चालली होती तिथे आणखी निराळं. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, धर्मप्रदेश १९६२ साली केरळच्या सीएमआय कार्मेलाइटांकडे सोपवला गेला. हा संघ १८३१ साली मान्नानमला पालक्कल थोमा, पोरुकर थोमा आणि कुरियाकोस एलियास चावरा या तीन मल्याळी धर्मगुरूंनी काढलेला. त्यांपैकी चावरा २०१४ साली संत घोषित झाले. या संघाची उपासना सिरियन परंपरेची, रोमन लॅटिन नव्हे. म्हणजे गोंदियाकडून चंद्रपूरकडे जाताना कॅथलिक राहूनही उपासनेची पद्धतच बदलते. बल्लारपूरला त्यांचं कॅथेड्रल सेंट थॉमसच्या नावाचं, कारण आपला धर्म थॉमसने किनाऱ्यावर आणला ही त्यांची श्रद्धा. पूर्वेला धमतरीत १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट आले. त्यांचा मूळपुरुष मेनो सायमन्स कॅथलिक धर्मगुरूपद सोडून बाहेर पडलेला. ते हातात शस्त्र घेत नाहीत, लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, आणि मठ त्यांना मान्य नाही.

पण पूर्वेची वाट माझ्यासाठी दुसऱ्याच कारणाने मोलाची आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे गोंदियावरून, मग सालेकसा-दरेकसाच्या बोगद्यातून जाते. १८९३च्या सुमारास त्या गाडीत कवी नारायण वामन टिळक बसले होते. राजनांदगावच्या संस्थानात नोकरीला चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त असं लिहून ठेवलं आहे की त्यावर कुणी नवं काय सांगावं.

आपल्या बोलण्यात टिळकांचा बाप्तिस्मा येतो, कविता येते, संन्यास येत नाही. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे सर्व शिष्य त्यात असावेत ही त्यांची कल्पना. अमेरिकन मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. त्या परंपरेत संन्यासाला जागा नव्हती, पश्चिमेकडून मठ आणून देणारं कुणी नव्हतं. मग टिळकांनी तो कुठून आणला? आपल्याच मातीतून. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो हे ते उघडपणे मानत. काउलीच्या फादरांनी युरोपातला नियम पुण्यात आणला. टिळकांनी साताऱ्यात नियमाशिवाय संन्यास घेतला, तोही बायको-मुलं असताना. लक्ष्मीबाईंना तो किती जड गेला असेल. त्या किमतीचा हिशेब न करता 'दरबारा'चं कौतुक करणं मला जमत नाही. दीड-पावणेदोन वर्षांत, ९ मे १९१९ला, टिळक गेले आणि दरबारही फार टिकला नाही.

त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं जॅक विन्स्लो यांनी. विन्स्लो स्वतः अँग्लिकन धर्मगुरू, आणि त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला: खादी, शाकाहार, जमिनीवर पंगत, इंग्रज आणि मराठी बंधू एकाच घरात, घडण फ्रान्सिसच्या भिक्षूंची आणि आश्रमाची एकत्र. पुण्यात शिवाजीनगरला त्यांचा आश्रम उभा राहिला. १९२७ साली तिथे ऑक्सफर्डचा एक तरुण आला, व्हेरिअर एल्विन. तिथेच त्याला शामराव हिवाळे भेटले, मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा.

इथपर्यंत मी सिस्टरना सांगत आलो होतो. बस नवेगावबांधच्या दिशेने बोड्या आणि तलाव मागे टाकत चालली होती. लामाही कान देऊन ऐकत होते.

एल्विन गांधींकडे ओढले गेले, जमनालाल बजाज यांनी गोंडांमध्ये जाण्याचं सुचवलं, आणि १९३२च्या जानेवारीत एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला पोहोचले. आता ते दिंडोरी जिल्ह्यात येतं. कोहमाऱ्याहून उत्तरेचा रस्ता धरला तर गोंदिया, बालाघाट, मंडला करत मैकलच्या त्या डोंगरांत जाता येतं. टेकडीवर कुडाच्या झोपड्या, संत फ्रान्सिसच्या नावाचा आश्रम, दवाखाना, शाळा, पुढे कुष्ठरोग्यांसाठी घर. नागपूरचे अँग्लिकन बिशप अलेक्स वुड यांच्याशी मात्र सूर जुळला नाही. बिशपना धर्मप्रसार हवा होता. गोंडांना ख्रिस्ती करायला आपण आलो नाही, असं एल्विन म्हणत. आज्ञापालनाची शपथ त्यांनी घेतली नाही. १९३५ साली ते चर्चमधून बाहेर पडले.

"म्हणजे तिसरं व्रत," सिस्टर म्हणाल्या.

हो, तिसरंच. दुसरंही पुढे राहिलं नाही. एल्विन यांनी लग्न केलं, शामरावांनीही केलं. एल्विन मोठे मानववंशशास्त्रज्ञ झाले, पुस्तकांवर पुस्तकं आली, १९५४ साली ईशान्य सीमा प्रदेशाचे सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. त्यांना जग ओळखतं. शामरावांना कोण ओळखतं? नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधान जमातीवर १९४६ साली त्यांनी लिहिलेलं पुस्तक इंग्रजीत आहे. एल्विन यांचं पहिलं चरित्रही त्यांचंच. पण लिहिणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतंच. एल्विन महिनोन्‌महिने दौऱ्यावर असत तेव्हा दवाखाना, शाळा, भांडणतंटे, कोर्टकचेऱ्या, रात्री-अपरात्री दार ठोठावणारी माणसं, हे सगळं शामराव बघत. आणि एल्विन शिलाँगला गेल्यावरही ते मैकलच्याच डोंगरांतल्या पाटणगड गावात राहिले. त्याच पाटणगडातून पुढे जनगढसिंह श्याम या परधान चित्रकाराने गोंड चित्रकला जगापुढे नेली.

मला शामरावांबद्दल फार वाटतं, हे मी लपवत नाही. मराठी ख्रिस्ती संन्यासाचा इतिहास कधी नीट लिहिला गेला तर त्यात नेहेम्या गोरे असतील, टिळक असतील, रमाबाईंचं मुक्तिसदन असेल. आणि एक मोठं प्रकरण या माणसाचं असायला हवं. त्याने झगा उतरवला, संघ सोडला, लग्न केलं. संन्यासी म्हणून कुठल्याच यादीत तो बसणार नाही. पण ज्या कामासाठी व्रत घेतलं होतं ते व्रताशिवाय करत राहिला. मग संन्यास नेमका कशात होता, झग्यात की त्या टेकडीत?

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, व्रत मोडलेल्यांची ही गोष्ट त्यांना आवडली नसेल.

"बेनेडिक्टवाल्यांत ते असतं ना," शेवटी त्या म्हणाल्या, "जागा न सोडण्याचं व्रत. आमच्यात नाही. मी नऊ वर्षांनी निघाले तेव्हा आमच्यातही ते असतं तर, असं मनात आलं होतं. मदरला सांगितलं. त्या म्हणाल्या, तू गेलीस तर दुसरी येईल, गाव तुझं नाही. तेही खरंच होतं. दुसरी गेली, चांगली आहे." थोडं थांबून विचारलं, "त्यांच्या त्या दवाखान्यात नंतर कुणी आलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं वाचतो आहे, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी त्या माणसाच्या राहण्याने भारावलो होतो. त्या मात्र त्याच्यानंतर त्या टेकडीवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन येणाऱ्या बाईचा विचार करत होत्या. आज्ञापालनाचं व्रत मी आजवर बाहेरून, बिशपच्या बाजूने किंवा एल्विनच्या बाजूने बघितलं होतं. संघ म्हणजे एकामागून दुसरी येत राहील याची हमी, ही तिसरी बाजू आज एसटीच्या बाकावर कळली. शामरावांबद्दलचं माझं प्रेम त्याने कमी झालं नाही, पण आता ते तितकं सोपंही राहिलं नाही.

नवेगावबांधच्या अलीकडे एका फाट्यावर सिस्टरनी कंडक्टरला हाक मारली. लामांनी पुन्हा खोकं उतरवून दिलं आणि जागेवर येऊन बसले. त्यांना पुढे जायचं होतं. खाली रस्त्यालगतच्या बांधीत रोवणी चालली होती. एक बाई कंबर सरळ करत ओरडली, "सिस्टर, आज बसन का जी दवाखाना?"

"बसंल, बसंल. आधी हे ठेवून येते."

चपला काढून त्यांनी पिशवीत टाकल्या, खोकं डोक्यावर घेतलं आणि निसरड्या धुऱ्यावरून, साडीचा काठ चिखलात भिजू देत, गावाकडे चालू लागल्या.